एक आड एक

सोयरूमामा,

या नावाने मी तुम्हाला पहिल्यांदाच हाक मारते आहे. नऊ वर्षं आपण एका खोलीत काम केलं आणि नऊ वर्षं मी तुम्हाला सोमण्णा म्हणत होते. लॅबमधले सगळे तेच म्हणत. आपण दोघंच असलो की मी नुसतं मामा म्हणायचे, कारण मी सीमाभागातल्या रामनगरची, तुम्ही जोयड्याच्या पुढच्या जंगलातले, आणि बेंगळूरच्या त्या इमारतीत मराठी बोलणारे आपण दोघंच. तुमचं खरं नाव मला कळलं ते तुम्ही गेल्यावर, तुमच्या ओसरीवर, आणि तेही मी चुकीचं लिहून नेलं म्हणून. ते पुढे येईलच.

तुम्ही कसे गेलात ते मी इथे लिहीत नाही. ती हकीकत मामींची आहे. मला बातमी दिली माझ्या भावाने. रामनगरच्या आमच्या हार्डवेअरच्या दुकानात जोयड्याकडची माणसं पत्रे, पाइप न्यायला येतात, त्यांच्यातल्या कुणीतरी त्याला सांगितलं. सकाळी अकराच्या सुमाराला त्याचा फोन आला. "तुझा तो जोयड्याचा माणूस गेला म्हणे. आठ दिवस झाले." मी लेझरच्या खोलीत होते आणि यंत्र चालू होतं. मी ते बंद केलं नाही. कापायला घेतलेली ताटली पुरी होऊ दिली, मग बाहेर येऊन जिन्यात बसले. मधेच थांबवलेली ताटली फुकट जाते हे तुम्हीच शिकवलं होतंत, आणि त्या क्षणी मला तेवढंच सुचलं.

तुमच्याकडून मी सगळ्यात आधी शिकले ते हात धुणं. मी नुकती पीएचडी होऊन आले होते. खिशात बिस्किटाचा पुडा असायचा. काम करता करता एक बिस्कीट तोंडात टाकलं, तर तुम्ही करवत थांबवलीत आणि म्हणालात, "बाय, त्ये थुका."

मला राग आला. एवढ्या वर्षांत मला कुणी थुंकायला सांगितलं नव्हतं.

"ह्या धुळीत शिसं हाय," तुम्ही म्हणालात. "एकदा अंगात ग्येलं की बसलं. जावा, कोपरापतूर धुवा. मी बगतो."

आणि खरंच दारात उभे राहून बघितलंत. त्यानंतर तुम्ही मला ताटली उचलायला शिकवलंत. ताटली म्हणायचो आपण, पण तो स्फटिकाचा चौकोनी पातळ काप, नखाएवढा. गॅसच्या लायटरमध्ये खटका दाबला की ठिणगी पडते ती अशाच जातीच्या पदार्थातून. त्याला दाबलं की तो वीज देतो, वीज दिली की तो थरथरतो. सोनोग्राफीच्या यंत्राचं जे टोक पोटावर फिरवतात, त्यात अशा बारीक पट्ट्या ओळीने बसवलेल्या असतात. त्या थरथरून आवाज आत पाठवतात आणि परत आलेला आवाज ऐकतात. आपल्याला नवजात बाळांच्या हृदयासाठी असं टोक करायचं होतं, म्हणून पट्ट्या केसाहून बारीक हव्या होत्या. मी चिमट्याने ताटली उचलायला गेले की ती तडकायची. तीन मोडल्यावर तुम्ही म्हणालात, "श्वास सोडा. पुरा सोडा. आनी मग उचला. श्वास घेताना हात हलतो." मी अजून तसंच करते. घरी सुईत दोरा ओवतानासुद्धा.

तेव्हा तुमच्याकडे हिऱ्याच्या पात्याची करवत होती आणि तिच्यावर तुमचा हात असा बसला होता की दुसऱ्या लॅबमधली माणसं त्यांच्या ताटल्या घेऊन यायची. तरीही करवत ती करवतच. केसाएवढी पट्टी कापताना कड फुटायची. मग लेझर आला, आणि तो माझ्या नावावर आला. त्या यंत्राचं शिक्षण घेतलेली मी, तुम्ही आयटीआयचे. सरांनी, म्हणजे आपल्या विभागप्रमुखांनी, पहिल्याच दिवशी सांगितलं की आता सुजाता कापेल आणि सोमण्णा ताटल्या मांडून देतील. ताटली मेणाने काचेवर चिकटवायची, कापून झाल्यावर सोडवायची, मोजायची, हे तुमचं काम झालं. तुम्ही करवतीवर कापड घातलंत आणि दुसऱ्या दिवसापासून मेण वितळवायला लागलात.

आपलं भांडण सुरू झालं ते एका शब्दावरून. पाहुणे आले की मी सांगायचे, हा लेझर थंड कापतो. सेकंदाचे एक लाख कोटी तुकडे केले तर त्यातल्या एका तुकड्यापेक्षाही थोडा वेळ त्याचा एक दणका टिकतो. उष्णता पसरायला वेळच मिळत नाही, पदार्थ त्याआधीच उडून जातो. म्हणून थंड. तुम्ही कोपऱ्यात मेणाच्या शेगडीपाशी उभे राहून ऐकायचात. पाहुणे गेल्यावर म्हणायचात, "थंड कायबी कापत न्हाई, बाय."

"मामा, मी गणित केलंय."

"एक दणका थंड असंल. सेकंदाला लाख दणके देता तुमी. लाख दणक्यांचं काय?"

मी फळ्यावर तुम्हाला गणित करून दाखवलं. तुम्ही नीट ऐकलंत, मान हलवलीत, आणि चहाच्या वेळी पुन्हा म्हणालात, "त्ये गणित चांगल्या स्वच्छ चराचं हाय. खाली चरात धूळ बसतीय. धूळ तापतीय." मी हसले. तुम्हीही हसलात. पुढची दोन वर्षं आपण असेच हसत भांडलो, आणि खरं सांगायचं तर बेंगळूरच्या माझ्या दिवसांतला तो चांगला काळ होता. इतर कुणी माझ्या गणिताशी भांडायच्या लायकीचं मला वाटत नव्हतं आणि तुम्ही लायकीचे आहात हे मी स्वतःशीही कबूल करत नव्हते.

आपला तो स्फटिक मोठा नाजूक. पाणी उकळतं तेवढ्या उष्णतेलाही त्याचा गुण जातो. मग तो दिसायला तसाच, पण दाबला तरी वीज द्यायला नाखूश. तुम्ही त्याला "मेला" म्हणायचात. प्रत्येक ताटलीचे पहिले तुकडे आणि शेवटचे तुकडे तुम्ही त्या चिमट्यासारख्या मीटरमध्ये धरून मोजायचात आणि वहीत वेगवेगळे लिहायचात. तसं वेगवेगळं लिहायला तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. एका दुपारी तुम्ही वही माझ्यापुढे ठेवलीत.

"बगा. पयल्या पट्ट्या जिवंत. शेवटच्या अर्ध्या मेलेल्या. सगळ्याच ताटल्यांत."

"मीटर बिघडलाय," मी म्हणाले.

"दोन मीटरवर बगितलं."

"मग?"

"ताटली तापतीय. तुमी एकीला लागून एक पट्टी कापता. गरम जाग्याला लागून परत गरम. एक आड एक कापा. इकडची एक, मग तिकडची एक, मदी जरा थांबा. तवर निवतंय."

"मामा, तसं केलं तर दुप्पट वेळ लागेल. सर विचारतील."

"विचारू देत. सांगू."

मी वही बंद करून तुम्हाला परत दिली. म्हणाले, पुढच्या महिन्यात बघू. ती खेप मी माझ्याच रीतीने कापली आणि ती प्रोब, म्हणजे सोनोग्राफीची ती टोकं, बनवणाऱ्या कंपनीकडे गेली.

सहा आठवड्यांनी ती परत आली. कुठल्याही बाळापर्यंत पोचली नव्हती, कंपनीतल्या चाचणीतच खोट सापडली. प्रत्येक ताटलीची एक बाजू मुकी होती. सरांनी बैठक बोलावली. टेबलाभोवती आम्ही सहाजण आणि मागे खुर्चीवर तुम्ही. कंपनीचा माणूस इंग्रजीत बोलत होता. सरांनी मला विचारलं, काय झालं असेल? तुमची वही माझ्या डोळ्यांपुढे होती. मी म्हणाले, "चिकटवताना मेण जास्त तापलं असेल."

एवढंच वाक्य. मेण जास्त तापलं असतं तर सगळी ताटली मेली असती, एकच बाजू नाही. हे त्या खोलीत दोघांनाच ठाऊक होतं, तुम्हाला आणि मला. सर मागे वळले. "सोमण्णा, तसं झालं असेल?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत. रागाने नाही, एखादा आकडा दोनदा वाचून बघावा तसं. मग म्हणालात, "असेल सर."

का म्हणालात, याच्याशी मी गेला दीड महिना झगडते आहे. याला तुमचा मोठेपणा म्हणणं मला सोयीचं आहे म्हणून मी ते म्हणणार नाही. कदाचित तुम्हाला वाटलं असेल की इंग्रजी बोलणाऱ्या सहाजणांपुढे तुमच्या वहीला कोण विचारणार. कदाचित मी पुढचं वाक्य बोलेन म्हणून तुम्ही मला जागा दिलीत, आणि मी बोलले नाही. त्याच आठवड्यात तुम्हाला भांडारात बसवलं. निवृत्तीला सात महिने होते.

सात महिने मी हातमोजे आणि अॅसिटोन घ्यायला तुमच्या खिडकीशी येत होते. तुम्ही वही पुढे करायचात, मी सही करायचे. "बरं हाय न्हवं, बाय?" तुम्ही विचारायचात. "भाऊ काय म्हनतोय? रामनगरला जाऊन आलासा काय?" तुम्ही बोलणं बंद केलं असतंत तर मला सोपं गेलं असतं.

तुम्ही गावी गेल्यानंतर खणात तुमची ती मोजणीची वही सापडली. मुद्दाम ठेवली होतीत की विसरली होतीत, कोण जाणे. मी एक ताटली एक आड एक कापली, मध्ये चार सेकंद थांबून. पहिल्या तुकड्यापासून शेवटच्यापर्यंत सगळ्या पट्ट्या जिवंत निघाल्या. त्यावर मी शोधनिबंध लिहिला. त्यात उष्णतेचं नवं गणित माझं होतं, ते खरंच माझं होतं. पण रीत तुमची होती. निबंधावर माझं नाव, सरांचं नाव आणि आणखी दोघांची नावं आली. शेवटी आभार मानले त्यात यंत्राला पैसे देणारे होते, तुम्ही नव्हतात. मी स्वतःला समजावलं की तंत्रज्ञांची नावं कुणीच घालत नाही. निबंधाचं कौतुक झालं. मी ते घेतलं.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात मी तुमच्याकडे आले होते ते तुम्हाला आठवत असेल. रामनगरहून भावाने सकाळच्या बसमध्ये बसवून दिलं. सुप्याच्या धरणाचं पाणी झाडांतून दिसायला लागलं तेव्हा मी बॅग मांडीवर घेतली. बॅगेत छापलेला निबंध होता. ठरवलं होतं की तो तुमच्यापुढे ठेवायचा आणि सगळं सांगायचं.

तुम्ही घरामागे कोनफळं खणत होतात. गुडघ्यापर्यंत खड्ड्यात. वर आलात, हात पुसलेत, मला दगडावर बसवलंत आणि पुन्हा खड्ड्यात उतरलात. कंद मोडू नये म्हणून तुम्ही टिकाव बाजूला ठेवून बोटांनी माती काढत होतात. बराच वेळ आपण पीकपाणी, डुकरांचा त्रास, रामनगरची नवी दुकानं असलं बोललो. मग वर न बघता तुम्ही विचारलंत, "आता कसं कापता?"

"एक आड एक," मी म्हणाले.

"बरं. मदी थांबता?"

"थांबतो. चार सेकंद."

"पुरतंय?"

"पुरतं."

"मग धड निगत असतील."

"निघतात मामा. सगळ्या निघतात."

"बरं झालं," तुम्ही म्हणालात, आणि हातभर लांब कोनफळ अखंड बाहेर काढून माझ्या पायाशी ठेवलंत. बॅग माझ्या मांडीवर होती. चेन ओढायला एक हात पुरला असता. मी विचारलं, "हे कसं शिजवायचं?" तुम्ही ते नीट समजावून सांगितलंत. मामी बाजाराला गेल्या होत्या, त्यांची भेट झालीच नाही. परतीची बस चारला होती. तुम्ही कंदांची पिशवी बसमध्ये चढवून दिलीत आणि खिडकीखाली उभे राहून म्हणालात, "परत या, बाय." मी हो म्हणाले आणि आले नाही.

भावाचा फोन आला त्या आठवड्यात मी सरांकडे गेले. मी त्यांना सगळं सांगितलं, वहीसकट.  ते म्हणाले, "इतक्या वर्षांनी कशाला? तो माणूसच राहिला नाही. तुझ्याच अंगावर येईल." मी म्हणाले, येऊ दे. "मग मला विचारू नकोस. पाठव." निबंध छापणाऱ्या नियतकालिकाला मी लिहिलं की रीत कुणाची होती, ती मी का लपवली, आणि लेखकांत तुमचं नाव घालावं. त्यांचं उत्तर आलं की माणूस हयात नसेल तर घरच्यांची लेखी संमती लागेल. सोबत एक कागद होता. त्यावर मी तुमचं नाव भरलं, सोमण्णा वेळीप, आणि तुमच्याकडे यायला निघाले.

मामी ओसरीवर चिंच फोडत बसल्या होत्या. मी कोण ते सांगितलं. त्यांनी पाणी दिलं, पाट दिला, आणि पुन्हा चिंचेला लागल्या. मी म्हणाले, "मामी, या कागदावर तुमची सही पाहिजे."

"कशाची?"

मी सांगायला लागले. स्फटिक म्हणजे काय, लेझर म्हणजे काय, उष्णता कशी साठते. मामींनी चिंचोके बाजूला सारले. "त्ये ऱ्हाऊंदे," त्या म्हणाल्या. "तुमी काय केलासा त्ये सांगा."

मग मी तेवढंच सांगितलं.

"म्हंजे मेण तापलं न्हवतं," त्या म्हणाल्या.

"नव्हतं."

"आनी तुमाला म्हाईत हुतं."

"होतं."

त्यांचे हात थांबले. "भांडारात बसवलं तवा त्येंनी घरी फोन केल्ता," त्या म्हणाल्या. "म्हनले, हाताला थरथर याय लागलीय, म्हणून हलकं काम दिलं. मला रडूच आलं. हातावर तर पोट हुतं त्येंचं. मी हितं देवाला नारळ बोलले, हात बरा होऊंदे म्हणून. सात महिनं रोज सांगत हुते देवाला. आनी घरी आले तर हात चांगला. मी समद्या गावाला सांगितलं, देव पावला." त्या माझ्याकडे बघत होत्या. "म्हंजे हात बराच हुता. पयल्यापास्नं."

"बरा होता," मी म्हणाले. "तसा हात मी दुसरा बघितला नाही."

मामा, हे मला ठाऊक नव्हतं. भांडारातले तुमचे सात महिने मी अनेकदा मोजले होते, पण त्याच सात महिन्यांत इकडे एक बाई तुमच्या हातासाठी देवापाशी बसत होती, हे माझ्या हिशेबात कधी आलं नव्हतं. माझ्या एका वाक्याने खोटं बोलायला तुम्हाला भाग पाडलं, आणि तेही तुमच्या घरी.

मामी रडल्या नाहीत. मलाही रडू दिलं नाही, म्हणजे तसं काही त्या म्हणाल्या नाहीत, पण त्यांच्यापुढे रडणं मला शोभलं नसतं. त्यांनी कागद हातात घेतला. तिकडे शाळा कन्नड, म्हणून इंग्रजीच्या खाली मी कन्नडमध्ये चार ओळी लिहिल्या होत्या. त्या त्यांनी बोट ठेवून वाचल्या.

"ह्यो सोमण्णा कोण?"

"मामांचं नाव..."

"त्येंचं नाव सोयरू. सोयरू तुळशी वेळीप. सोमण्णा कोण न्हाई हितं."

लॅबच्या यादीत एस. वेळीप असं होतं. पुढचं सगळ्यांनी आपल्या सोयीने भरलं होतं आणि तुम्ही कधी खोडलं नव्हतंत. तुमचं नाव परत द्यायला मी आले होते आणि तुमचं नाव मला माहीत नव्हतं. मामींनी कागद परत दिला.

"नीट नाव घालून आणा," त्या म्हणाल्या. "आनी आता जे मला सांगितलासा त्ये कन्नडात लिवून आणा. सगळं. मेणाचं बी. माजी सुनंदा हल्याळला दिलीय, ती येईल. बापाचा हात ग्येला हुता असंच तिला अजून वाटतंय. तिनं वाचल्याबिगर मी सही करणार न्हाई."

माझं कन्नड बोलण्यापुरतं. लिहायला मला चार दिवस लागले. मराठीत एखादं वाक्य मवाळ करायला दहा शब्द सापडतात. कन्नडात माझ्याजवळ तेवढे शब्दच नव्हते, म्हणून ते सरळ उतरलं. "मला माहीत होतं. मी खोटं बोलले. त्यांचं काम गेलं. त्यांची रीत मी माझी म्हणून छापली."

गेल्या रविवारी ते घेऊन मी पुन्हा आले. सुनंदा आली होती. तुमच्यासारखंच कपाळ, तुमच्यासारखंच ऐकताना मान थोडी वाकडी करणं. तिने उभ्यानेच मोठ्याने वाचलं. मामी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मेणाच्या वाक्याशी सुनंदा थांबली, ते पुन्हा एकदा मनात वाचलं आणि मग पुढे गेली. शेवटपर्यंत वाचून तिने कागदांची घडी घातली.

"तुम्ही डिसेंबरात आला होता," ती म्हणाली, "तेव्हा तो छापलेला कागद बॅगेत होता असं लिहिलंय. दाखवला का नाही?"

"त्यांनी विचारलं नाही," मी म्हणाले.

"अप्पा विचारणारे नव्हते."

 ती आत जाऊन पेन घेऊन आली. मामींनी संमतीचा कागद मांडीवर घेतला, नाव एकदा वाचलं, आणि खाली सावकाश, एकेक अक्षर सुटं सुटं काढत, कन्नडात सही केली. मग सुनंदाकडून माझं ते कन्नड लिखाण घेतलं आणि म्हणाल्या, "ह्ये हितंच ऱ्हाईल." मी म्हणाले, राहू द्या.

मला माफ केलं असं त्या दोघींपैकी कुणी म्हणालं नाही, आणि मी विचारलंही नाही. ते विचारायचं होतं ते तुम्हाला, आणि ते खड्ड्याच्या काठावर दगडावर बसून विचारायचं राहिलं. मामा, तुमच्याशी माझं भांडण दोन गोष्टींवरून उरलं आहे. "असेल सर" का म्हणालात, ही एक. आणि हात थरथरतो असं घरी का सांगितलंत, ही दुसरी. माझं नाव घेता आलं असतं. घरात तरी. तुम्ही असतात तर या दोन्हीवर मी तुमच्याशी चहाच्या वेळी वाद घातला असता, आणि माझी खात्री आहे की जिंकला असतात तुम्हीच.

तुमच्याकडून मला जे मिळालं ते मी माझ्या खोट्यासमोर ठेवून बघत नाही. दोन्ही खरं आहे. मी ताटली उचलते तेव्हा श्वास सोडते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी आधी हात धुवायला लावते आणि दारात उभी राहून बघते. आता भिंतीवर कापायची रीत लिहून लावली आहे, तिच्यावर तुमचं पूर्ण नाव आहे. परवाच एकीने विचारलं, हे सोयरू वेळीप कोण? मी तिला बसवलं आणि सांगितलं, मेणाच्या वाक्यासकट. 

त्या रविवारी जेवण झाल्यावर मी निघाले. जेवायला मामींनीच बसवलं, फार बोलल्या नाहीत, पण दुसऱ्यांदा भात वाढताना विचारलं नाही, वाढलाच. बसथांब्यापर्यंत त्या माझ्याबरोबर आल्या.  ऊन कलत होतं, रस्त्यावर पानं पडलेली. बस आली तेव्हा दारात उभा असलेला कंडक्टर ओळखीचा निघाला. त्याने मामींना कोकणीत विचारलं, पाहुण्या कोण?

मामींनी मला दंडाला धरून पायरीवर चढवलं आणि त्याला म्हणाल्या, "ह्या बाई आमच्या ह्येंच्या हाताखाली शिकल्या. रामनगरला उतरवा."